निष्काळजीपणाचा रकाना

बार्शीटाकळीच्या एका जिनिंगमध्ये मी सुपरवायझर होतो. अपघाताची नोंदवही माझ्याकडे असायची. तिच्यातला 'कारण' हा रकाना मी जवळजवळ नेहमी एकाच वाक्यानं भरत आलो : कामगाराच्या निष्काळजीपणामुळे. ते मला खोटं वाटत नसे. यंत्रात हात कोणी घातला? त्यानंच ना?

त्यातली एक नोंद आजही मला छळते. दिवाळीनंतरचे दिवस होते, पावसात सापडलेला कापूस गाड्या भरभरून येत होता. ओला कापूस रोलरला गुंडाळला जातो, सरकी सुटत नाही, रेचा, म्हणजे सरकी काढणारं यंत्र, अडतो. एक कामगार चालत्या रोलरवरची रुई ओढायला गेला आणि त्याची दोन बोटं सुरीत सापडली. मी लिहिलं : 'जाळी काढलेली होती. कामगाराने यंत्र चालू असताना हात घातला.' रोलरसमोरची ती संरक्षक जाळी कोणी काढली होती, ते लिहिलं नाही. ती माझ्याच सांगण्यावरून काढली होती. तेल देताना दर वेळी नट सोडावे लागत, वेळ जाई, म्हणून.

वाचणाऱ्याला वाटावं की जाळी त्यानंच काढली, असं ते वाक्य होतं. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यात, कामगारानं संरक्षक साधन जाणूनबुजून काढलं असेल तर अशा दुखापतीची भरपाई नाकारता येत असे. त्याची भरपाई बुडाली नाही, पण ती माझ्यामुळे वाचली असं मला म्हणता येणार नाही.

दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा मी त्याला विचारलं, मशीन बंद का नाही केलं? तो म्हणाला, "बंद कराची म्हनजे सारी लाइन थांबते न भाऊ. मंग तुमीच वरडता."

खरं होतं. आमचे सगळे रेचे एकाच लांब शाफ्टवरून पट्ट्यांनी फिरत. एक थांबवायचा तर पट्टा उतरवायला दुसरा माणूस लागे, नाहीतर मुख्य मोटरच बंद करावी लागे. अपघाताचं सगळं कारण त्याच्या त्या दोन वाक्यांत होतं. मी ते ऐकलं आणि वहीत लिहिलं नाही. पुढच्या हंगामात त्याच रेच्यात दुसऱ्याचं बोट गेलं. पहिल्या अपघाताबद्दल कोणी काहीही म्हणो, हा दुसरा माझा होता.

त्यानंतर सुपरवायझरांच्या एका प्रशिक्षणात भोपाळच्या वायुगळतीचा अभ्यास करायला मिळाला. १९८४ च्या डिसेंबरमधली ती रात्र सगळ्यांना ठाऊक असते. मला हादरवलं ते त्याआधीच्या गोष्टींनी. मिथाइल आयसोसायनेट थंड ठेवणारी यंत्रणा काही महिने बंद होती. निसटलेला वायू जाळणाऱ्या मनोऱ्याची नळी जोडलेली नव्हती. १९८१ मध्ये त्याच कारखान्यात फॉस्जीन वायूनं एका कामगाराचा जीव गेला होता, १९८२ मध्ये अमेरिकेहून आलेल्या पथकानं तपासणीही केली होती. एवढं असून कंपनीनं पुढे बोट दाखवलं ते एका नाराज कामगाराकडे. ते वाचताना मला माझं अक्षर दिसलं.

आम्हा कापसाच्या माणसांना १४ एप्रिल १९४४ चा मुंबई गोदीतला स्फोट तर पाठच असायला हवा. 'फोर्ट स्टिकीन' जहाजात कराचीहून चढवलेल्या कापसाच्या हजारो गाठी होत्या आणि त्याच जहाजात सुमारे १,४०० टन स्फोटकं. गाठ आतल्या आत किती वेळ धुमसते, हे जिनिंगवाल्याला सांगावं लागत नाही. धूर दिसल्यापासून ४ वाजून ६ मिनिटांच्या पहिल्या स्फोटापर्यंत तासांचा अवधी होता. आग बहुधा कोणाच्या तरी सिगारेटनं लागली, असा अंदाज निघाला. पण सिगारेट ओढणारा सापडला असता, तरी कापूस आणि स्फोटकं एकत्र कोणी भरू दिली, धोक्याचं लाल निशाण का नव्हतं, जहाजाचं काय करायचं याचा निर्णय वेळेत का झाला नाही, हे प्रश्न तसेच उरले असते. त्या दिवशी गेलेल्या अग्निशमन जवानांसाठी आपण दरवर्षी १४ एप्रिल पाळतो.

प्रशिक्षणाहून परतल्यावर मी मालकांना सांगून जाळीला बिजागऱ्या लावून घेतल्या आणि तेलाची नळी जाळीबाहेर काढली. नट सोडायचं कामच उरलं नाही. खर्च इतका किरकोळ होता की मला रात्री झोप आली नाही. चालत्या यंत्राचा धोक्याचा भाग झाकलेला ठेवणं ही कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम २१ प्रमाणे कारखान्याची जबाबदारी होती. ते कलम कचेरीतल्या कपाटात होतं.

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. तेव्हाही पहिलं वाक्य ओळखीचं आलं : त्यांनी मास्क लावला नव्हता. ऑक्टोबरच्या उकाड्यात, डोक्याएवढ्या पऱ्हाटीत, रोजानं फवारणाऱ्या माणसाला तो मास्क कोणी आणून दिला होता?

ज्यांच्या हाती आज अशी नोंदवही आहे, त्यांना माझी विनंती आहे. जखमी माणसाशी बोलल्याशिवाय कारणाचा रकाना भरू नका. त्याला यंत्र थांबवता का आलं नाही, ते त्याच्याच शब्दांत लिहा. आणि जाळी काढलेली असेल, तर ती कोणाच्या सांगण्यावरून काढली तेही लिहा, नाव तुमचं असलं तरी.