दारावरचे उंदीर

सोलापुरात महाल बघायचा तर पूर्वी महापालिकेत काम काढून जायचं. अप्पासाहेब वारद या व्यापाऱ्याने हौसेने बांधलेल्या इंद्रभुवनात आमच्या महानगरपालिकेने वर्षानुवर्षं कारभार केला. लहानपणी कसल्याशा दाखल्यासाठी मी पप्पांबरोबर तिथे गेले होते. पप्पा रांगेत उभे आहेत आणि मी मान वर करून नक्षी बघतेय, एवढंच आठवतं.

ॲमस्टरडॅमच्या राजवाड्याची गोष्ट नेमकी उलटी निघाली.

कंपनीने तीन आठवड्यांसाठी क्लायंटकडे पाठवलं होतं. पहिल्याच रविवारी डाम चौकातल्या राजवाड्यात गेले. ऑडिओ गाइड कानाला लावला आणि कळलं की हा मुळात राजवाडा नव्हताच. १६५५ मध्ये इथे शहराचा टाउन हॉल सुरू झाला, म्हणजे आपल्या भाषेत नगरपालिका. जमीन दलदलीची, म्हणून आधी १३,६५९ लाकडी खांब खाली ठोकले आणि त्यावर ही इमारत उभी केली. पुढे नेपोलियनचा भाऊ लुई हॉलंडचा राजा झाला, त्याने १८०८ मध्ये तिचा राजवाडा केला. त्याचं फर्निचर अजून तिथे आहे. आत्ताचा राजा मात्र इथे राहत नाही, समारंभापुरता येतो.

मधल्या प्रचंड दालनाच्या संगमरवरी फरशीवर पृथ्वीचे दोन गोलार्ध आहेत. सगळे आपापला देश शोधत होते. मीही भारतावर उभं राहून सेल्फी काढला.

मग बाजूच्या गॅलरीतल्या एका दारापाशी पाय थांबले. दारावर इकॅरसचं शिल्प होतं. ग्रीक कथेतला हा मुलगा मेणाने चिकटवलेले पंख लावून सूर्याच्या फार जवळ गेला आणि कोसळला. त्याच्याखाली रिकाम्या पेट्या, न भरलेली बिलं आणि उंदीर. आतलं ऑफिस दिवाळखोरांचं होतं. कर्जात बुडालेल्या माणसाच्या वस्तूंची इथे यादी व्हायची, त्या विकून ज्यांचं देणं आहे त्यांच्यात पैसे वाटले जायचे.

मी ऑडिओ गाइड बंद केला.

पूर्व भागात आमचा टॉवेलचा छोटा कारखाना होता. आठ यंत्रमाग. त्या खडखडाटात मी पाढे पाठ केले. नोटाबंदीनंतरच्या उन्हाळ्यात, मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना, माग विकले गेले. सुट्टीत घरी आले तर घरच बदललेलं. जुळे सोलापुरात दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. आई म्हणाली, "पप्पांना काही विचारू नको." मी नाही विचारलं. पुढे नोकरी लागली, कर्ज काढून इथेच माझ्या नावावर फ्लॅट घेतला, तरी नाही विचारलं. 'दिवाळं' हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारत नाही. दिवाळीच्या आवराआवरीतसुद्धा पप्पांच्या वहीला कुणी हात लावत नाही.

आणि इथे तो शब्द शहराच्या सगळ्यात देखण्या इमारतीत, दारावर कोरून ठेवला होता.

हॉटेलवर येऊन आणखी वाचलं. याच ऑफिसने १६५६ मध्ये रेम्ब्रांटच्या घरातल्या वस्तूंची यादी केली होती. तोच तो, जगप्रसिद्ध चित्रकार. घर, चित्रं, सगळं विकलं गेलं. काही वर्षांनी याच टाउन हॉलसाठी त्याने एक भलंमोठं चित्र काढलं. ते थोडे दिवस लागलं आणि परत आलं. आज त्याचं ते घर म्युझियम आहे, आणि आतल्या खोल्या पुन्हा सजवताना त्याच जप्तीच्या यादीचा आधार घेतला गेला.

उंदरांचा फोटो पप्पांना पाठवला. खाली सगळी हकिकत लिहिली. दोन निळ्या टिका आल्या. उत्तर नाही. उगाच पाठवला असं वाटायला लागलं, तेवढ्यात फोन आला.

"जेवलीस का?"

"हो."

"उंदीर चांगले केलेत गं. सुताच्या गोदामात असेच असायचे."

मी धीर केला. "पप्पा, माग कितीला गेले?"

थोडा वेळ फक्त पंख्याचा आवाज.

"भंगाराच्या भावाने. किलोवर." मग म्हणाले, "आठवा माग गाडीत चढवताना मी मागच्या दाराने निघून गेलो. तुझ्या आईने सही केली."

हे मला माहीत नव्हतं. आईनेही कधी सांगितलं नव्हतं.

"सूतवाल्याचे सगळे दिले पण मी," ते घाईने म्हणाले. "वहीत आहे. आलीस की दाखवतो."

"दाखवा."

"त्या चित्रकाराचं मग काय झालं?"

मी सांगितलं. त्याची जोडीदारीण आणि मुलगा, दोघांनी मिळून एक धंदा काढला आणि हा त्यात नोकर म्हणून राहिला, म्हणजे नवीन चित्रांवर जुन्या कर्जवाल्यांना हात टाकता येऊ नये. चित्रं काढत राहिला.

पप्पा कितीतरी दिवसांनी मोकळे हसले.

"पोराच्या कंपनीत नोकरी! बरंय की. आपलं तरी काय वेगळंय, घर तुझ्या नावावर अन् मी बघतो सोसायटीचा पाण्याचा टँकर."