एका दिवसाचे हैदराबाद

बीदरहून पहाटेच्या गाडीने आम्ही उभयता हैदराबादेस निघालो, तेव्हा खिशातील टिपणात नऊ स्थळे होती. परतीची गाडी सायंकाळची. वार मात्र विचारपूर्वक निवडला होता. सालारजंग वस्तुसंग्रहालय शुक्रवारी बंद असते.

१५९१ साली उभारलेला चारमिनार आधी पाहिला आणि मूसीकाठच्या त्या संग्रहालयात शिरलो. घड्याळाकडे पाहत एकामागून एक दालन ओलांडीत असता सौभाग्यवती थबकल्या. “अहो, वर्गातही तुम्ही असेच धडे उरकता काय?”

आम्ही वरमलो. टिपण खिशात गेले. तेथल्या प्रसिद्ध घड्याळासमोर मुलाबाळांच्या गर्दीत जाऊन बसलो. बाराच्या सुमारास त्यातील चिमुकला दाढीवाला बाहेर आला आणि त्याने मोजून बारा टोल दिले. नंतर बेन्झोनीने १८७६ साली घडविलेल्या संगमरवरी रिबेकेपुढे पुष्कळ वेळ उभे राहिलो. दगडाची ओढणी, तरी तिच्याआडचा चेहरा दिसतो!

सात स्थळे राहिली. वाचकहो, एका दिवसात शहर पाहून होत नाही. दोन स्थळे मात्र मनसोक्त पाहता येतात.

दुसऱ्या दिवशी शाळेत आम्ही एकच कविता तासभर शिकविली.