चार्ल्स्टनचे लिलावगृह
अमेरिकेतील दक्षिण कॅरोलिना राज्याच्या किनाऱ्यावर १६७० साली वसलेल्या चार्ल्स्टन नगरीस आम्ही उभयतांनी भेट दिली. ‘रेनबो रो’ची १३ रंगीत घरे पाहून आपल्या पेठा आठवल्या, पूर्वी तेथेही खाली दुकान, वर बिऱ्हाड असे. मात्र भात आणि निळीच्या व्यापारातून आलेले हे वैभव गुलामांच्या श्रमांवर उभे होते. चाल्मर्स रस्त्यावरील गुलामांचे १८५९ सालचे लिलावगृह आता संग्रहालय आहे. त्या काळी माणसे तारण ठेवून कर्जेही घेतली जात. आयुष्यभर बँकेत तारण तपासलेला मी तेथे निःशब्द झालो. पत्नी म्हणाली, “पंधरा कर्मादानांतले केशवाणिज्य ते हेच.” द्विपद-चतुष्पदांच्या त्या निषिद्ध व्यापाराचे नाव प्रतिक्रमणात वर्षानुवर्षे उच्चारले; अर्थ मात्र परमुलखात उमगला.