न वापरलेलं अत्तर

रामनवमीच्या पालख्या परत गेल्या, तसे बाईंच्या घरात रंगारी शिरले. ईस्टरच्या आत निदान बाहेरची खोली उरकायची होती. लोखंडी कपाट भिंतीपासून सरकवताना वरचं गाठोडं खाली आलं आणि फरशीवर काहीतरी फुटलं. मिनिटाभरात घरभर गुलाबाच्या अत्तराचा वास. ब्रश हातात धरूनच रंगाऱ्यानं विचारलं, “बाई, लग्न काढलंय काय घरात?”

गाठोडं बाईंच्या आईचं होतं. तिनं ते स्वतःच्या मरणासाठी बांधून ठेवलेलं. पांढरं पातळ, पायमोजे, डोक्याला बांधायचा रुमाल, जपमाळ आणि अत्तराची ती बाटली. दर दिवाळीनंतर ती ते उन्हात टाकायची, पुन्हा घडी घालायची आणि सुनांना बजावायची, “अत्तर सगळं ओता, कंजूषपणा करू नका.” २०२१ साली ईस्टर ४ एप्रिलला होता. त्यानंतरच्या पंधरवड्यात ती दवाखान्यात वारली. कोरोनाची दुसरी लाट भरात होती. भाऊ गाठोडं घेऊन दवाखान्याच्या दाराशी उभा राहिला, पण आई प्लास्टिकमध्ये गुंडाळूनच बाहेर आली. उघडायचं नाही, हात लावायचा नाही. पीपीई घातलेल्या माणसांनी तिला मातीत ठेवलं. गाठोडं रिक्षातून घरी आलं आणि कपाटावर गेलं.

बाईंचं सुगंधी द्रव्यांशी भांडण मात्र त्याहून जुनं. लहानपणी शब्बाथ शाळेत ईस्टरची गोष्ट सांगितली गेली: शब्बाथ सरल्यावर बायकांनी सुगंधी द्रव्यं विकत घेतली, पहाटे कबरेकडे निघाल्या, धोंड लोटलेली दिसली, आत प्रभू नाही. सगळ्या मुलांना धोंडेचं नवल. हिनं विचारलं, “मग त्या सुगंधी द्रव्यांचं काय झालं?” शिकवणाऱ्यांनी तिला खाली बसवलं.

आजी राहुरीकडची, अमेरिकन मिशनची. तिनं गहू निवडता निवडता निकाल दिला, “घरी आणली असतील. दमडीची वस्तू बाई टाकून देती व्हय?” आई हरेगावची, कॅथलिक. तिचं उत्तर शनिवारच्या रात्री मिळालं. जागरणाच्या विधीत बाहेर अग्नी पेटवतात, त्यावरून पास्काची मोठी मेणबत्ती लावतात. त्या मेणबत्तीवरच्या क्रुसात फादर उदाचे पाच खडे खोचतात, पाच जखमांची खूण म्हणून. आई कानात कुजबुजली, “बघ, इथं आली तुझी द्रव्यं.”

एका घरात दोन ईस्टर होते. आईकडे धूपपात्र, घंटा, मध्यरात्रीची मिस्सा. आजीकडे पहाटेची उपासना, तीही कबरस्तानात, टाळ-ढोलकीवर ‘उपासना संगीता’तली ना. वा. टिळकांची पदं म्हणत. मिशन नगरला आलं १८३१ साली. पुढे कीर्तनाला त्यानं दार उघडलं, टाळ-चिपळ्याही आत घेतल्या, पण ऊद बाहेरच राहिला. आजी घरात उदबत्ती लावू द्यायची नाही, आणि राहायचं तर शिर्डीत, जिथं गल्लीच्या तोंडापासून धूप नाकात शिरतो. तिच्या नाकाला आयुष्यभर पदर.

योहानाच्या शुभवर्तमानात एक हिशोब आहे, तो बाईंनी वर्गातल्या गणितासारखा सोडवलेला. निकदेमानं कबरेसाठी गंधरस आणि अगरू यांचं शंभर लित्राचं मिश्रण आणलं. रोमन लित्रा म्हणजे साधारण ३२७ ग्रॅम, म्हणून एकूण जवळजवळ ३३ किलो. शरीर तर शुक्रवारीच त्यात गुंडाळलं होतं. मग रविवारी बायका आणखी द्रव्यं घेऊन कशाला निघाल्या? शुभवर्तमानं चार, सांगणारे चार, असं पंडित म्हणतील. आजीचं स्पष्टीकरण वेगळं होतं. पुरुषानं केलेलं काम बाई एकदा तपासतेच.

इथं शिर्डीचा इतिहास मध्ये येतो. तो न बोलावता यायचा, शेजारच्या काकूंच्या तोंडून. “आमचे बाबाही तीन दिवसांनी उठले होते की!” म्हणाल्या की बाईंचे वडील चपला घालून बाहेर पडत. हेमाडपंतांच्या ‘श्रीसाईसच्चरिता’त ती हकीकत आहे. १८८६ सालची मार्गशीर्ष पौर्णिमा. दम्यानं बेजार झालेल्या साईबाबांनी म्हाळसापतींना सांगितलं, तीन दिवस मला सांभाळ, परतलो नाही तर अमुक जागी पुरा. श्वास थांबला. गावचे अंमलदार आले, पंचनामा झाला, दफन करा म्हणाले. म्हाळसापतींनी बाबांचं डोकं मांडीवरून खाली ठेवलं नाही. तिसऱ्या दिवशी श्वास सुरू झाला. बाबांची महासमाधी त्यानंतर ३२ वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९१८ला, दसऱ्याच्या दिवशी.

दोन्ही गोष्टी एका तराजूत घालायच्या नाहीत, हे घरात ठरलेलं होतं आणि बाईंना ते आजही मान्य आहे. पण म्हाळसापतींबद्दल, खंडोबाच्या देवळातल्या त्या सोनार पुजाऱ्याबद्दल, त्यांना गुपचूप माया वाटते. तिकडे यरुशलेममध्ये शिष्य दारं लावून बसले होते. इकडे हा माणूस अंमलदारांसमोर मांडी न हलवता बसून राहिला. आईच्या वेळी बाईंना तसं बसू दिलं नाही. बसायला त्या तयार होत्या.

माया म्हाळसापतींवर आणि राग पौलावर. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात, इ. स. ५५च्या सुमारास, पौलानं उठलेला ख्रिस्त कोणाकोणाला दिसला याची यादी दिली आहे. केफा, बारा जण, पाचशेहून अधिक बंधू, याकोब, सगळे प्रेषित आणि शेवटी स्वतः. मग्दालीया मरीया नाही. पहाटे उठलेली एकही बाई नाही. दर ईस्टरला हा उतारा वाचला गेला की बाई चष्मा काढून पुसतात. पोप फ्रान्सिस यांच्या काळात, जून २०१६ मध्ये, मरीयेच्या २२ जुलैच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या सणांचा दर्जा मिळाला, तेव्हा आईनं पेढे वाटले होते. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत तर ईस्टरनंतर दोन आठवड्यांनी येणारा रविवार या सुगंधी द्रव्यं नेणाऱ्या बायकांच्याच नावानं पाळतात. म्हणजे बाटल्या कोणीतरी लक्षात ठेवल्या.

२०२१ नंतर मात्र ईस्टरचा उपदेश बाईंना ऐकवेनासा झाला. रिकामी कबर म्हणजे विजय, असं व्यासपीठावरून जोरात म्हटलं जातं. बाई घरी येऊन पुस्तक उघडतात. मरीयेला रिकामी कबर दिसली तेव्हा तिला विजय सुचला नाही. कुणीतरी शरीर नेलं, एवढंच सुचलं. समोर उभ्या असलेल्याला ती माळी समजली आणि त्याच्याकडे मागणं मागितलं: तू नेलं असशील तर कुठं ठेवलंस ते सांग, मी घेऊन जाते. तिला जिवंत माणूस हवा होता असं तिथं लिहिलेलं नाही. तिला शरीर हवं होतं, द्रव्यं लावायला. पुनरुत्थानाची बातमी मिळाली ती या हट्टाला. बाईंनी दवाखान्याच्या खिडकीशी जवळपास हेच शब्द वापरले होते. आतून उत्तर आलं, “नियम आहे.”

मार्काचं शुभवर्तमान तर त्याहून कठीण. चौथ्या शतकातल्या सिनायटिकस आणि व्हॅटिकानस या दोन हस्तलिखितांत ते सोळाव्या अध्यायाच्या आठव्या ओवीवर थांबतं. बायका थरथरत पळाल्या आणि भीतीनं कुणाला काही बोलल्या नाहीत. पुढच्या ओव्या त्यांत नाहीत. ही भीती बाईंना खरी वाटते, आणि त्याच भीतीवर त्यांचा विश्वास टेकलेला आहे. गोष्ट बनवणाऱ्यानं एवढा लाजिरवाणा शेवट ठेवला नसता, असं त्या म्हणतात. आई उठेल का? हो, म्हणतात बाई, पण लगेच वर जोडतात, आधी तिचं पातळ नीट नेसवायचं राहिलंय.

भाचा देवळाजवळच्या दुकानात कामाला आहे. पेढे, तसबिरी, अत्तरं. नवी बाटली आणायला बाई त्याच्याकडे गेल्या आणि जुना प्रश्न त्याच्यापुढे ठेवला. त्यानं वेगळंच टोक पकडलं.

“शब्बाथ सूर्यास्ताला संपायचा ना, आत्या? म्हणजे त्या शनिवारी तिन्हीसांजेला कुणीतरी दुकान उघडलं.”

एवढ्या वर्षांत त्या दुकानदाराचा विचार बाईंनी केलाच नव्हता. सणाच्या गर्दीत फळी काढून बसलेला माणूस, समोर रडून डोळे सुजलेल्या तिघी गिऱ्हाइकं. त्यानं भाव कमी केला असेल? उधारीवर दिलं असेल?

“मेलेल्या माणसासाठी म्हटल्यावर आम्ही घासाघीस करत नाही,” भाचा म्हणाला.

“आणि सोमवारी त्या माल परत करायला आल्या तर?”

“बूच उघडलेलं नसेल तर घेतो,” तो म्हणाला, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.