माजघरातला उजेड

एकोणिसाव्या शतकातील ब्रुसेल्सचे सुखवस्तू घर दोन शेजाऱ्यांच्या भिंतींमध्ये दाबून बसवलेले असे. रस्त्याकडे अरुंद, आत मात्र लांबलचक, आणि एकापाठोपाठ एक आलेल्या तीन खोल्यांपैकी पहिली व शेवटची यांना खिडक्या मिळाल्या तरी मधले माजघर भरदिवसाही काळोखे राही. व्हिक्टर होर्टा (1861–1947) या वास्तुशिल्पकाराची थोरवी बहुधा त्याच्या वेलबुट्टीवरून सांगितली जाते. त्याने बांधलेले सॉल्वे कुटुंबाचे घर 2021 साली प्रेक्षकांसाठी खुले झाले, तेव्हाही कौतुक झाले ते प्रामुख्याने नक्षीचेच. परंतु त्याची खरी झुंज या माजघराशी होती, आणि नक्षी ही त्या झुंजीतूनच उमललेली आहे.

गेंट शहरातील चांभाराचा हा मुलगा ब्रुसेल्सला आला आणि राजाचा वास्तुशिल्पकार अल्फोन्स बाला याच्या हाताखाली काम करू लागला. लाकेन येथील राजवाड्याच्या आवारात बाला उष्ण प्रदेशातील झाडांसाठी लोखंड आणि काच यांची प्रचंड गृहे उभारत होता. झाडांना मिळणारा हा उजेड माणसाच्या घरात का येऊ नये, या प्रश्नाचे उत्तर होर्टाने 1893 मध्ये भूमितीचे प्राध्यापक एमिल तासेल यांच्या घरात दिले: जिना घराच्या मधोमध आणला, त्यावर काचेचे छत घातले आणि लोखंडी खांब गिलाव्याखाली न लपवता उघडे ठेवले. ‘आर नूव्हो’, म्हणजे जुन्या शैलींची उसनवारी सोडून वनस्पतींच्या वळणांतून आकार घेणारी त्या काळची कलारीती, वास्तुकलेत या घरापासून सुरू झाली असे सामान्यतः मानले जाते.

1898 ते 1901 या काळात त्याने सेंट-जिल भागात स्वतःसाठी घर व लागूनच कार्यशाळा बांधली. तेथील जेवणघराच्या भिंतींना पांढऱ्या चकाकीच्या विटा आहेत. एरवी केवळ उपयुक्त म्हणून वापरली जाणारी ही वीट घरातील सर्वांत औपचारिक खोलीत आणण्याचे धैर्य थक्क करणारे आहे, कारण ती शोभेसाठी नाही, तिच्यावरून उजेड परावर्तित होतो. तरीही मन पुन्हा जिन्याकडेच वळते. वरच्या टोकाला पिवळसर आणि पांढऱ्या काचेचे वक्र छत असून दोन्ही बाजूंना समोरासमोर आरसे बसवलेले आहेत, त्यामुळे छताचे प्रतिबिंब आरशात, त्याचे दुसऱ्या आरशात, असे होत होत अरुंद घराला अंतच राहत नाही. कठड्याचे लोखंड वळते, त्याच वळणाने दिव्याची दांडी निघते. एखादी रेषा कोठे सुरू झाली हे शोधू पाहणाऱ्याचा डोळा आपोआप वर, काचेकडे जातो.

हे सौंदर्य निर्मळ आहे असे म्हणता आले असते तर बरे झाले असते. काँगो 1885 ते 1908 पर्यंत बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याची खासगी मालमत्ता होता आणि तेथील रबर सक्तीच्या श्रमातून, अमानुष अत्याचारांतून काढले जाई. त्या कारभाराचा ब्रुसेल्समधील प्रमुख एडमंड व्हान एटवेल्ड याचे घर होर्टानेच बांधले, आणि काचेच्या घुमटाखालचे तेथील अष्टकोनी दालन हे त्याच्या उजेडाच्या प्रयोगांमधील एक परमोच्च सिद्धी मानावी लागते. इतिहासकार डेबोरा सिल्व्हरमन यांनी तर या शैलीच्या वेटोळ्या रेषेतच काँगोतील रबराच्या वेली आणि मजुरांवर चालणारा चाबूक यांची छाया पाहिली आहे. हे मत कोणाला टोकाचे वाटले तरी घुमटाखाली उभे राहताना ते विसरता येत नाही, आणि विसरूही नये.

म्हणूनच बेल्जियन मजूर पक्षासाठी त्याने बांधलेल्या ‘मेझों द्यु पप्ल’, अर्थात लोकगृहाविषयी विशेष जिव्हाळा वाटतो. कामगारांच्या कोंदट घरांना न लाभणारी हवा आणि उजेड हीच येथील चैन असावी, अशी त्याची भूमिका होती, आणि 1899 मध्ये उघडलेल्या या वास्तूचे मोठे सभागृह त्याने सर्वांत वरच्या मजल्यावर ठेवले. त्याचे स्वतःचे घर, जे त्याने 1919 मध्ये विकून टाकले होते, पुढे त्याचा शिष्य जाँ देले याच्या खटपटीमुळे वाचले, पालिकेने घेतले आणि 1969 मध्ये संग्रहालय झाले. लोकगृह मात्र 1965 मध्ये, जगभरातील वास्तुशिल्पकारांचा निषेध बाजूला सारून पाडण्यात आले आणि त्याजागी एक सामान्य कचेरीचा मनोरा उभा राहिला. युनेस्कोने 2000 साली जागतिक वारसा म्हणून नोंदवलेल्या होर्टाच्या चार घरांमध्ये तासेल, सॉल्वे, व्हान एटवेल्ड आणि तो स्वतः असे चार घरमालक आहेत. ज्या वास्तूत कामगार हक्काने शिरत असे, तिचे नाव त्या यादीत सर्वांत आधी यायला हवे होते.