नांदेड ते लातूर : वाट पाहणाऱ्यांची वाट

नांदेडहून लातूरला निघाले की गोदावरीचे काळेभोर खोरे मागे पडते. लोह्याच्या पुढे जमीन चढू लागते, अहमदपूरच्या आसपास बालाघाटचा माळ लागतो आणि चाकूर ओलांडले की आपण मांजरेच्या खोऱ्यात येतो. सव्वाशे-दीडशे किलोमीटरची ही वाट. कृषी खात्याच्या नोकरीत ती मी किती वेळा तुडविली याची गणती नाही. खरिपात दोन्ही अंगांना सोयाबीन आणि त्यात तुरीच्या ओळी. ज्वारीचे शेत मात्र आता शोधावे लागते. या वाटेवर एस.टी.त दोन प्रकारची मंडळी हमखास भेटतात. एक, लातूरच्या शिकवण्यांना निघालेली पोरे, ट्रंका आणि गाद्या घेतलेली. दुसरी, मांडीवर एक्स-रेचा मोठा लिफाफा आणि कापडी पिशवीत भाकरी बांधून निघालेली. हा लेख या दुसऱ्या मंडळींविषयी आहे. त्यातही ज्यांच्याविषयी गावात हसण्यावारी बोलले जाते त्यांच्याविषयी, म्हणजे वजन फार वाढल्यामुळे शस्त्रक्रियेची वाट पाहणाऱ्यांविषयी.

नांदेडात दवाखान्यांची एक आख्खी गल्लीच आहे, तिला डॉक्टर लेन म्हणतात. गावाबाहेर विष्णुपुरीला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचे मोठे रुग्णालय. मुखेड, किनवट, हदगाव, देगलूर, सगळीकडची माणसे येथे येतात आणि शेजारच्या तेलंगणातलीही येतात. नातेवाईक बाहेर झाडाखाली सतरंजी टाकून बसलेले असतात. ज्यांची भाकरी संपते त्यांच्यापैकी कितीतरी जण गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये जेवतात. गुरु गोविंदसिंगजींनी १७०८ साली जेथे देह ठेवला त्या हुजूर साहिबला पंगतीत कोणालाही जात-धर्म विचारीत नाहीत. परगावच्या रुग्णाच्या घरच्यांना नांदेडचा हा केवढा आधार आहे हे त्या पंगतीत बसल्याशिवाय कळत नाही.

मात्र वजन उतरविण्याच्या शस्त्रक्रियेसाठी आपल्याकडची माणसे बहुधा पुढे जातात. नांदेडची हैदराबादला, लातूरची सोलापूर-पुण्याला. निजामाच्या राजवटीपासून मोठ्या दुखण्याला हैदराबाद गाठावयाची नांदेडकरांची सवय अजून गेलेली नाही.

माझ्या चुलत भावाच्या घरी ही वेळ आली. लोहा तालुक्यातले आमचे गाव. वहिनी पन्नाशीच्या, उंची पाच फुटांहून थोडी कमी. गुडघे गेलेले, साखरेचा आजार, रात्री घोरता घोरता श्वास अडकून दचकून उठावयाच्या. आरोग्य उपकेंद्रातला काटा १२० किलोपर्यंतच. तो शेवटाला टेकला. मग एके दिवशी तांबडे फुटावयाच्या आत, हमाल यायच्या आधी, दादा त्यांना ओळखीच्या आडत दुकानात घेऊन गेले आणि धान्याच्या काट्यावर उभे केले. १२४ किलो. परत येताना वहिनी काही बोलल्या नाहीत. पुढे म्हणाल्या, "भाऊजी, तुरीच्या पोत्यासारखं जोखलं मला." लग्नकार्याला जाणे त्यांनी त्याआधीच सोडले होते. पंगतीत लोकांचे डोळे ताटावर असतात, असे त्या म्हणत.

वाचक बंधु-भगिनींनो, जाड माणूस म्हणजे आळशी किंवा खादाड, हा समज आधी टाकून द्यावयास हवा. वहिनी पहाटे पाचला उठून दोन म्हशींची धार काढीत. वजन वाढण्याला थायरॉईड असते, पाळी जाण्याचे वय असते, काही औषधे असतात, घराण्याची धाटणी असते. खाण्याची आणि कामाची मोडलेली घडीही असते. आपल्या घरांत ज्वारीच्या जागी गहू-तांदूळ आले, तेलाचे डबे आले, दिवसातून पाच वेळा साखरेचा चहा आला आणि उपास म्हणून साबुदाण्याची खिचडी शेंगदाण्याच्या कुटात बुडवून आपण खातो. (एकादशीने वजन वाढलेली माणसे मी पाहिली आहेत.) एकदा वजन फार चढले की शरीर ते सोडावयास तयार होत नाही. माणूस उपाशी राहू लागला की भूक जास्त पेटते.

येथे शस्त्रक्रियेचा उपयोग होतो. एका प्रकारात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढून उरलेल्याची लांबट नळी ठेवतात. दुसऱ्यात जठराची लहानशी पिशवी करून ती आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. पोट लहान होते, शिवाय भूक चेतविणारे द्रव्यही कमी होते. गावात म्हणतात तशी ही "चरबी कापण्याची" शस्त्रक्रिया नव्हे. कोणाला ती लागते याचा हिशेब सोपा आहे. किलोतले वजन घ्यावे आणि मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागावे. उंची दीड मीटर, तिचा वर्ग २.२५. १२४ भागिले २.२५ म्हणजे ५५. आशियाई माणसांसाठी हा आकडा ३७.५ च्या पुढे, किंवा मधुमेहासारखा आजार असल्यास ३२.५ च्या पुढे असेल तर शस्त्रक्रियेचा विचार करावा, असे तज्ज्ञांनी बरीच वर्षे धरले. अलीकडे ही मर्यादा आणखी खाली आणली जात आहे.

शस्त्रक्रिया ठरली, पण तारीख मिळेना. एका दवाखान्यात सांगितले, आधी रक्तातली साखर आटोक्यात आणा. दुसरीकडे खर्चाचा आकडा तीन लाखांच्या पुढे गेला आणि सोयाबीनच्या भावाने तो भागण्यासारखा नव्हता. पुण्याला नोकरीस असलेल्या मुलाने आईच्या नावाने विमा काढलेला होता, पण त्याचा थांबण्याचा काळ संपावयाला सव्वा वर्ष होते. विम्याविषयी एक गोष्ट येथेच सांगतो. २०१९ साली विमा नियामक प्राधिकरणाने घालून दिलेल्या नियमांप्रमाणे वर सांगितलेला आकडा ४० किंवा अधिक असेल, अथवा ३५ किंवा त्याहून अधिक असून हृदयविकार, झोपेत श्वास अडकणे, आटोक्यात न येणारा मधुमेह असे गंभीर आजार असतील आणि डॉक्टरांचा सल्ला असेल, तर ही शस्त्रक्रिया "वजनाची आहे" एवढ्याच कारणाने नाकारता येत नाही. थांबण्याचा काळ मात्र प्रत्येक पॉलिसीत लिहिलेला असतो. तो एजंटाच्या तोंडून ऐकू नये, शिकलेल्या पोराकडून कागदावर वाचून घ्यावा.

असे थांबणे आपल्याच नशिबी आहे असेही नाही. इंग्लंड-कॅनडासारख्या देशांत, जेथे सरकार खर्च करते, तेथेही या शस्त्रक्रियेसाठी काही ठिकाणी वर्षानुवर्षे यादीत राहावे लागते. आणि थांबण्याचा काळ वायाच जातो असेही नाही. २०१७ च्या फेब्रुवारीत इजिप्तहून इमान अहमद नावाच्या बाईंना विमानाने मुंबईला आणले होते. त्यांचे वजन पाचशे किलोच्या आसपास सांगितले जात होते. सैफी रुग्णालयातल्या डॉक्टरांनी त्यांना लगेच शस्त्रक्रियेच्या टेबलावर घेतले नाही. काही आठवडे देखरेखीखाली पातळ आहारावर ठेवून वजन बरेच उतरविले आणि मग मार्चमध्ये शस्त्रक्रिया केली. पुढे त्याच वर्षी सप्टेंबरात अबुधाबीत त्या वारल्या. अनेक आजार त्यांना आधीपासून होते. सगळीच दुखणी शस्त्रक्रियेने मिटत नाहीत हेही वहिनींना सांगितले पाहिजे, असे मला वाटले आणि मी सांगितले.

वाट पाहण्याचे आठ महिने झाल्यावर आम्ही तिघे लातूरला निघालो. तेथे पुण्याचे एक शल्यचिकित्सक महिन्यातून एकदा रुग्ण तपासावयास येतात असे कळले होते. शिवाय वहिनींची धाकटी बहीण लातुरात दिलेली. एस.टी.त वहिनींना दोन माणसांची जागा लागते. कंडक्टर भला माणूस होता, काही बोलला नाही. माळेगाव आले तेव्हा खंडोबाच्या यात्रेच्या आठवणी निघाल्या. मार्गशीर्षात येथे घोडे, उंट, गाढवे यांचा मोठा बाजार भरतो. वहिनी लग्नानंतर पहिल्या वर्षी यात्राभर पायी फिरल्या होत्या म्हणे. दादा खिडकीबाहेर पाहू लागले.

लातूरकरांना वाट पाहणे शिकवावे लागत नाही. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले ते हेच शहर. वहिनींच्या बहिणीने ते दिवस काढलेले. ती म्हणाली, "आक्का, टँकर कवा येईल ते आपल्या हाती नव्हतं. घागरी घासून ठेवणं आपल्या हाती होतं. टँकर आला आणि घागर नसली की झालं."

वहिनींनी या आठ महिन्यांत घागरी घासून ठेवल्याच होत्या. साखरेची वही घातली होती. बांधापर्यंत चालणे सुरू केले, आधी विहिरीपर्यंत, मग आंब्यापर्यंत. गोड चहा सुटला. सर्वांत अवघड गेली मिशरी. तीस वर्षांची सवय, सकाळी हिरड्यांना लावल्याशिवाय पोट साफ होत नाही हा पक्का समज. पण तंबाखूने जखम भरावयास वेळ लागतो, भूल देताना फुप्फुसाला त्रास होतो, म्हणून निदान दीड महिना आधी ती बंदच हवी. वहिनी पंधरा दिवस चिडचिड करीत होत्या. दादांनीही आपली तंबाखूची डबी बंद केली तेव्हा कुठे जमले. घरातला पुरुष मळीत बसणार आणि बाईने मिशरी सोडावी, हे होत नसते.

ताटाचे मात्र माझ्या विषयाचे काम होते. ज्वारी चांगली, पण तीन भाकऱ्या खाल्ल्या तर तीही साखर वाढवितेच. खरी उणीव प्रथिनांची. आपण क्विंटलांनी सोयाबीन पिकवितो आणि सगळे मोंढ्यावर घालतो. त्यात सुमारे ४० टक्के प्रथिने असतात. कच्चे सोयाबीन मात्र खाऊ नये, त्यातले पचनाला अडविणारे द्रव्य उष्णतेने जाते. म्हणून ते वीस-पंचवीस मिनिटे उकळून, वाळवून, दहा किलो धान्याला एक किलो या मानाने दळावे. जोडीला घट्ट वरण, मोडाची मटकी, ताक, चालत असेल तर अंडे. जेवण कमी केले की साखरेच्या गोळ्यांचे मापही बदलावे लागते, नाहीतर साखर एकदम उतरून घेरी येते. ते डॉक्टरांनाच विचारावे. शस्त्रक्रियेआधीच्या दोन आठवड्यांत यकृत लहान व्हावे म्हणून फार कमी पिष्टाचा आहार देतात, तोही त्यांच्याच सांगण्याने. २०२५ पासून आपल्या देशात मिळू लागलेल्या वजनाच्या इंजेक्शनांचेही तेच. औषधाच्या दुकानातून परस्पर आणावयाची ती वस्तू नव्हे.

डॉक्टरांनी वजन केले. ११३. साखरेची वही त्यांनी पानापानाने पाहिली. "अकरा किलो थोडे नाहीत," असे म्हणून त्यांनी पुढचे सगळे नीट सांगितले : शस्त्रक्रियेनंतर आधी पातळ, मग मऊ, काही चमचेच एका वेळी, सावकाश चावून, जेवताना पाणी नाही, जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर आणि तपासणीला न चुकता येणे. विम्याचा काळ पुढच्या फेब्रुवारीत संपतो, तेव्हाची तारीख धरू म्हणाले. वहिनींनी विचारले, "तुरीचं खळं झाल्यावर चालंल का?" चालेल म्हणाले. म्हशींना बहिणीचा मुलगा येऊन राहील असे तेथेच ठरले.

परतीच्या आधी वहिनींना गंजगोलाईत जावयाचे होते. सोळा रस्ते येऊन मिळतात तो हा गोल बाजार. भांड्याच्या दुकानात त्यांनी स्टीलची सर्वांत लहान वाटी मागितली. दुकानदाराने दोन-तीन काढून दाखविल्या आणि विचारले, "नातवाचं उष्टावण हाय का, मावशी?"

"न्हाय बाबा," वहिनी म्हणाल्या, "माझंच हाय." आणि दोन वाट्या बांधून घेतल्या.