उलटी धरलेली पट्टी

नांदुऱ्याची ओळख आता महामार्गावरच्या १०५ फुटी हनुमानामुळे आहे. माझं नांदुरा मात्र ३५ मिलिमीटर रुंदीच्या एका पट्टीत मावतं. ती पट्टी मी चोरली होती.

१९७० नंतरची गोष्ट. उन्हाळ्यात गावाबाहेर टूरिंग टॉकीजचा तंबू पडायचा आणि आम्ही पोरं कनातीच्या फटीला डोळा लावून उभे राहायचो. मशीन चालवणाऱ्याला सगळे ऑपरेटरमामा म्हणत. एका दुपारी ते तुटलेलं रीळ जोडत बसले होते. बाजूला टाकलेला वीतभर तुकडा मी हळूच चड्डीच्या खिशात घातला. मामांनी ते पाहिलं. आता कान पिरगाळणार, असं वाटलं. ते म्हणाले, "खिशात ठिवून काय दिसनार हाये तुले?"

त्यांनी फ्यूज गेलेल्या बल्बचं बूड अलगद काढलं, आतली तार उपसली, पाणी भरलं. झालं भिंग. समोर धोतर टांगलं, आरशाने ऊन वळवलं, मधे पट्टी धरली. धोतरावर नायिका उमटली, पण डोकं खाली, पाय वर. मी हिरमुसलो. "पट्टी उलटी धर," मामा म्हणाले, "मंग चित्र सुलट पडते."

मी दहा पैसे पुढे केले. त्यांनी माझी मूठ मिटली. "पैसे नको. बाकी पोरायले दाखवजो."

पुढे मुंबईत नोकरी लागली आणि दादासाहेब फाळक्यांविषयी मिळेल ते वाचत सुटलो. १९१२ साली ते लंडनला गेले आणि विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. घरी कुंडीत वाटाणा पेरून त्याची वाढ फ्रेमफ्रेमने टिपली. ती पाहूनच भांडवल देणारा भेटला. सरस्वतीबाईंनी कच्च्या फिल्मला भोकं पाडायचं काम अंगावर घेतलं. ३ मे १९१३ ला मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला.

मी अडलो तो कॅमेऱ्याच्या नावापाशी. जेम्स विल्यमसन हा इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, ब्रायटनला लागून असलेल्या होव्हचा औषधविक्रेता. आधी फोटोचा नाद, मग सिनेमा, मग सिनेमाची यंत्रं. त्याच होव्हच्या जॉर्ज अल्बर्ट स्मिथने १९०० साली एक इवलासा चित्रपट केला. त्यात नातू आजीचं भिंग घेऊन घड्याळ पाहतो, पिंजऱ्यातला पक्षी पाहतो, आजीचा डोळा पाहतो. आणि तो डोळा पडदाभर होतो. ते वाचलं आणि पाण्याने भरलेला बल्ब हातात आल्यासारखा वाटला.

होव्हचा समुद्र मी पाहिलेला नाही. मामांनीही ते नाव कधी ऐकलं नसेल. एका मोसमानंतर तो तंबू पुन्हा आला नाही आणि आभार मानायचे राहून गेले.

गेल्या मे महिन्यात नातवंडं नांदुऱ्याला आली होती. तारेचा जुना बल्ब शोधायला अख्खा बाजार पालथा घातला. पट्टी आता फिकी पडली आहे, तरी धोतरावर नायिका आली. डोकं खाली, पाय वर. मोबाइलवर सिनेमे पाहणारी पोरं खो खो हसली. धाकटीने न सांगता हात पुढे केला आणि पट्टी फिरवली.

मामा, दाखवलं.